आपला कुत्रा विचार करतो का, हे घरच्या घरी कसे तपासावे

नाकाने फाटकाची कडी वर करून बाहेर सटकणारा कुत्रा नागपुरात महालपासून मानेवाड्यापर्यंत कोणत्याही वस्तीत सापडेल, आणि त्याच्या घरची मंडळी ते कौतुकाने सांगतातही. मात्र कडी आणि फाटक यांचा संबंध त्याला उमगलेला असतो, की एकदा योगायोगाने नाक लागून फाटक उघडले एवढेच त्याच्या लक्षात राहिलेले असते, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सी. लॉइड मॉर्गन यांच्या टोनी नावाच्या फॉक्स टेरिअर जातीच्या कुत्र्यालाही ही कला अवगत होती. परक्या माणसाला तो विचारवंत वाटला असता. परंतु मॉर्गन यांनी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवले होते. कठड्याच्या फटींतून डोके घालून बाहेर पाहण्याच्या सवयीत एकदा कडी आपोआप उचलली गेली आणि पुढे कित्येक दिवसांच्या धडपडीतून ती युक्ती पक्की झाली, हे त्यांनी पाहिले होते. प्राण्याच्या वागण्याचा उलगडा साध्या कारणाने होत असेल, तर त्यामागे वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये, हा त्यांनी 1894 मध्ये मांडलेला नियम आजही या अभ्यासाचा पाया आहे.

हा नियम कुत्र्याला कमी लेखण्यासाठी आहे, असे मला मुळीच वाटत नाही. सवय, वास आणि मालकाचा इशारा या तीन गोष्टी वगळल्यावर जे उरते तेच त्याचे स्वतःचे डोके, आणि ते पाहायचे असेल तर आधी या तीन गोष्टी दूर कराव्या लागतात.

तयारी

मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत नागपुरात या चाचण्या सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी उरकाव्यात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना जीभ बाहेर काढून धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे लक्ष सावली आणि पाण्याकडे असते, त्यामुळे त्याच्या अपयशावरून काहीच सिद्ध होत नाही. खोलीतला कुलर बंद ठेवावा. त्याच्या आवाजाने कुत्रा विचलित होतो, शिवाय त्याच्या झोताबरोबर खाऊचा वास सरळ कुत्र्याच्या नाकापर्यंत पोहोचतो आणि चाचणी बुद्धीची न राहता नाकाची होते.

खाऊ म्हणून मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्यावेत. रविवारच्या सावजी रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही त्याच्यासाठी विषारी आहेत. चाचणी जेवणापूर्वी घ्यावी, मात्र त्यासाठी त्याला उपाशी ठेवू नये. हे प्रयोग फक्त घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यावर करावेत. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यासमोर खाऊ धरून हात पुढे करणे धोक्याचे आहे.

दोन वाट्या

पहिल्या चाचणीला दोन सारख्या, खोलगट, अपारदर्शक वाट्या आणि दोन माणसे लागतात. दोन्ही वाट्यांना आतून खाऊ चोळून ठेवावा, म्हणजे वास दोन्हीकडून येईल. स्टीलच्या वाटीत तुकडा पडताना आवाज होतो आणि कुत्रा त्यावरूनच उत्तर ओळखतो, म्हणून तळाशी कापडाचा तुकडा अंथरावा. वाट्या एकमेकींपासून दोन हात अंतरावर ठेवून एकाने कुत्र्याला समोर पाच-सहा पावलांवर धरावे आणि दुसऱ्याने, कुत्रा पाहत असताना, एका वाटीत तुकडा ठेवावा. दहापर्यंत आकडे मोजून कुत्र्याला सोडावे आणि ज्या वाटीत तो प्रथम तोंड घालेल तेच त्याचे उत्तर धरावे. उत्तर चुकल्यास दोन्ही वाट्या लगेच उचलाव्यात. डावी की उजवी, याचा क्रम नाणे उडवून आधीच वहीत लिहून ठेवावा, कारण काही कुत्रे सदैव एकाच बाजूला जातात आणि आपल्याही हाताला नकळत एक बाजू सवयीची असते.

अशा 12 फेऱ्या झाल्या, की तेवढ्याच फेऱ्या तुकडा लपवताना कुत्र्याला न दाखवता घ्याव्यात. या फेऱ्या कंटाळवाण्या असल्या तरी सगळ्या चाचणीचा कणा त्याच आहेत. न पाहताही कुत्रा बहुतेक वेळा बरोबर वाटीकडे गेला, तर त्याला वास येतो आहे किंवा आपण इशारा देत आहोत, आणि आधीची सगळी उत्तरे बाद ठरतात.

आपण इशारा देत नाही अशी खात्री प्रत्येकालाच असते. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवत असे. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की अचूक आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याचे डोके किंचित हलते आणि घोडा तेवढे टिपून थांबतो. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले, की घोड्यालाही ते येत नसे. कुत्रा माणसाचा चेहरा वाचण्यात याहून कमी नाही. म्हणून कुत्र्याला धरणाऱ्याने तुकडा ठेवला जात असताना डोळे मिटून घ्यावेत आणि ठेवणाऱ्याने नंतर पाठ फिरवून उभे राहावे.

निकाल वाचताना थोडे गणित आवश्यक आहे. दोनच वाट्या असल्यामुळे केवळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. 12 पैकी 8 बरोबर आली, की घरात आनंद होतो; परंतु निव्वळ अंदाजानेही 8 किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता 100 मध्ये 19 इतकी असते. 12 पैकी 10 किंवा अधिक उत्तरे योगायोगाने येण्याची शक्यता मात्र 100 मध्ये जेमतेम 2 आहे, आणि तिथे आपण समाधान मानण्यास हरकत नाही. एका बैठकीत सहाहून जास्त फेऱ्या घेऊ नयेत, कुत्रा कंटाळतो.

ही पायरी पार पडली, की याच वाट्यांनी तर्क तपासता येतो. तुकडा न दाखवता लपवावा आणि नंतर फक्त रिकामी वाटी कलती करून कुत्र्याला दाखवावी. इथे नाही म्हणजे तिथे असणार, हे त्याला कळते का, एवढाच प्रश्न आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2007 मध्ये हाच प्रश्न विचारला, तेव्हा असे दिसले की कुत्रे हा तर्क करू शकतात. पण माणसाने एखाद्या वाटीला हात लावला किंवा तिच्याकडे पाहिले, की ते तर्क सोडून माणसामागे जातात. यासाठी दोन्ही वाट्यांना सारखाच वेळ हात लावावा, किंवा त्या झाकून झाकणे लांबून दोरीने ओढावीत.

बोट दाखवणे

वाट्यांच्या मधोमध उभे राहून तुकडा असलेल्या वाटीकडे बोट दाखवावे, आणि कुत्रा निघण्यापूर्वी हात खाली घ्यावा, म्हणजे त्याला इशारा लक्षात ठेवावा लागेल. गावठी कुत्र्यांना हे जमणार नाही असे मानणाऱ्यांनी आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) कोलकाता येथील अनिंदिता भद्रा यांच्या गटाचे काम अवश्य पाहावे. भारतीय शहरांतल्या भटक्या कुत्र्यांपैकी बरेचसे भीतीने जवळच आले नाहीत; परंतु जे आले, त्यांतल्या सुमारे 80 टक्के कुत्र्यांनी लांबून, क्षणभरच दाखवलेल्या बोटाचा अर्थ बरोबर लावला. त्यांना कोणी शिकवले नव्हते. विकत घेतलेल्या जातिवंत पिल्लाच्या तुलनेत गल्लीतून उचलून आणलेल्या पिल्लाला मठ्ठ ठरवण्याची आपल्याकडची सवय मला त्यामुळे फार अन्यायाची वाटते.

जाळी आणि बंद डबा

माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारी चाचणी जाळीची आहे. अंगणात दोन-तीन मीटर लांबीची तारेची जाळी उभी करावी, तिच्या पलीकडे मधोमध खाऊ ठेवावा आणि कुत्र्याला अलीकडे सोडावे. आमच्या घरची भुरी गावठी आहे. पहिल्यांदा ती जाळीला नाक लावून उभी राहिली, मग पुढच्या पंजांनी माती उकरू लागली आणि नाक खाऊच्या जितके जवळ नेता येईल तितके नेत राहिली. इथली खरी अडचण हीच आहे: खाऊ मिळवायचा तर आधी त्याच्याकडे पाठ करून दूर जावे लागते. ज्या क्षणी तिने उकरणे थांबवले, एकदा जाळीच्या टोकाकडे पाहिले आणि खाऊकडे पाठ फिरवून ती चालू लागली, तो क्षण पाहण्यासाठी ही चाचणी करावी.

बुडापेस्टमध्ये 2001 साली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या कुंपणावर असेच प्रयोग झाले. कुत्र्यांना स्वतःहून वाट सापडायला बऱ्याच फेऱ्या लागल्या, पण माणूस वळसा घालून जाताना पाहिल्यावर ती लवकर सापडली. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की कुंपणाच्या आतून बाहेर येण्याचा सराव झालेल्या कुत्र्यांना बाहेरून आत जाताना त्या सरावाचा उपयोग झाला नाही. वाट तीच होती, पण ती उलट्या दिशेनेही वापरता येते, हे त्यांना उमगले नव्हते. घरी हे तपासायचे असल्यास वाट सापडल्यानंतर कुत्रा ज्या टोकाने गेला ते अडवून फक्त दुसरे टोक मोकळे ठेवून पाहावे. जुन्या टोकाकडेच धावणारा कुत्रा सवयीने चालला आहे. थांबून दोन्ही टोके पाहणारा कुत्रा प्रश्न नव्याने सोडवतो आहे.

यानंतर प्लॅस्टिकच्या डब्यात खाऊ ठेवून झाकण सैल लावावे आणि कुत्र्याला दोन-तीनदा ते उघडू द्यावे. मग झाकण घट्ट लावून डबा त्याच्यापुढे ठेवावा आणि आपण शेजारी शांत बसावे. थोडी खटपट करून बहुतेक कुत्रे आपल्या तोंडाकडे पाहतात, डब्याकडे पाहतात आणि पुन्हा आपल्याकडे पाहतात. बुडापेस्टच्याच आदाम मिक्लोशी यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवले, की माणसांनीच वाढवलेले लांडगे असे वळून पाहत नाहीत, ते डब्याशीच झुंजत राहतात. पुढे 2015 मध्ये अमेरिकेत मोनिक उडेल यांच्या प्रयोगात 10 पैकी 8 लांडग्यांनी खाऊचा डबा उघडला, तर कुत्र्यांपैकी जवळजवळ कोणालाच तो उघडता आला नाही. यावरून कुत्रा लांडग्याहून मंद ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याच्याजवळ झाकण उघडणारे हात आहेत त्याला मदत मागणे हाही प्रश्न सोडवण्याचा एक मार्ग आहे. एवढे मात्र खरे, की सदैव मदत मिळणारा कुत्रा स्वतः प्रयत्न करणे लवकर सोडतो, म्हणून त्याने पाहताक्षणी डबा उघडून देऊ नये. मिनिटभर थांबावे आणि नंतर अवश्य मदत करावी.

सुतळीने बांधलेला खाऊ जाळीखालून ओढण्याची चाचणीही अनेक जण घेतात. एक सरळ सुतळी कुत्रे ओढतात. दोन तिरक्या किंवा एकमेकींवरून गेलेल्या सुतळ्या असतील, तर ते खाऊच्या सर्वांत जवळचे टोक ओढतात आणि फसतात. सुतळीने दोन वस्तू जोडल्या जातात हे त्यांच्या आकलनात नसावे. या चाचणीत हरला म्हणून कुत्र्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

खेळण्यांची नावे त्याला येतात का, हेही पाहता येते. जर्मनीतील रिको या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला 200 हून अधिक वस्तूंची नावे येत होती, आणि अमेरिकेतील चेसर हिला 1022. असे कुत्रे विरळा असतात. घरी तपासताना खेळणी शेजारच्या खोलीत ठेवावीत आणि कुत्र्याला एकट्याला आत पाठवावे, म्हणजे आपल्या नजरेवरून त्याला निवड करता येणार नाही.

घरात नासधूस केल्यावर कान पाडून, शेपूट दाबून बसणारा कुत्रा 'चूक कबूल करतो' असा समज सर्वत्र आहे. अमेरिकन संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये तो तपासला. खाऊ चोरलेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्रा तसा चेहरा करत होता. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला दिलेले उत्तर आहे, आणि त्यावरून गुन्हा ठरवून त्याला मारणे सर्वथा चुकीचे आहे.

सगळे निकाल तारखेसह एकाच वहीत लिहावेत आणि वाट्यांची पहिली चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी. कुत्रा म्हातारा होऊ लागला, की या वहीचा उपयोग वाढतो. पूर्वी सहज वाटी ओळखणारा कुत्रा गोंधळू लागला, घरातल्याच कोपऱ्यात अडकून उभा राहू लागला, दार उघडण्याच्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला वाट पाहू लागला किंवा रात्रभर येरझाऱ्या घालू लागला, तर ते म्हातारपणीच्या मेंदूविकाराचे लक्षण असू शकते. मात्र नजर कमी होणे, बहिरेपणा आणि सांधेदुखी यांमुळेही असेच दिसते. अशा वेळी ती वही घेऊन सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या नेहमीच्या पशुवैद्यकाकडे जावे, आणि कोणता बदल नेमका कोणत्या महिन्यात दिसू लागला, हे त्यांना तारखेनिशी दाखवावे.