उलुरूला जाताय? मग हे आधी वाचा

उलुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उभा असलेला प्रचंड लाल खडक. नकाशावर ॲलिस स्प्रिंग्ज हे शहर आणि उलुरू अगदी शेजारी दिसतात. रस्त्यानं ते अंतर साडेचारशे किलोमीटर आहे. ‘सकाळी जाऊन रात्री परत’ हा आमचाही पहिला बेत होता, तो करू नका. उलुरू ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या युलारा गावात दोन रात्री धरा आणि खोली बरीच आधी ठरवा. गाडीनं जाणार असाल तर वाटेतल्या अर्लडंडाच्या पंपावर टाकी फुल करा आणि उजेडातच पोचा, संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात.

वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा एक डोंगर दिसतो. “आई, हेच ते!” म्हणून मी गाडी थांबवली आणि डझनभर फोटो काढले. तो निघाला माउंट कॉनर. तिथे बरेच जण फसतात म्हणे, तेवढंच समाधान.

उद्यानाचा तीन दिवसांचा पास आम्ही गेलो तेव्हा माणशी ३८ ऑस्ट्रेलियन डॉलर होता. ऑनलाइन काढून ठेवा.

खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. ही जागा इथल्या मूळ रहिवाशांची, अनंगू लोकांची. १९८५ साली त्याच तारखेला जमीन त्यांना परत मिळाली, आणि चढू नका असं ते कितीतरी वर्षं सांगत होते. बुटांनी घासून पडलेला फिकट पट्टा खडकावर अजून दिसतो. तो बघून मला जरा लाजच वाटली.

चढायचं नाही, तर प्रदक्षिणा घाला! पूर्ण फेरी १०.६ किलोमीटरची. तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) उजाडताच निघा, अकराच्या आत संपवा आणि तासाला एक लिटर या हिशेबानं पाणी घ्या. जून-जुलैत पहाटे पारा शून्याखालीही जातो, तेव्हा स्वेटर हवाच. आईचे गुडघे एवढं चालणारे नाहीत, म्हणून तिच्यासोबत मुटिटजुलू पाणवठ्यापर्यंतची छोटी वाट केली. जवळून पाहिलं तर खडकाला गंजलेल्या पत्र्यासारखे पापुद्रे आहेत. हा लाल रंग खरंच गंजाचा, दगडातल्या लोखंडाचा. गुहेत आत तोच दगड राखाडी दिसतो.

फेरीत काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तिथल्या खडकाच्या खुणांमध्ये अनंगूंच्या कथा आहेत, काही फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, आणि त्या इतरत्र कुणी पाहायच्या नसतात. पाटी दिसली की मोबाइल सरळ पिशवीत टाका. ‘एकच काढतो’ नको.

माश्यांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी आणा. सकाळी आई माझ्या जाळीला हसली, दुपारी तीच जाळी तिच्या डोक्यावर होती.

आणि सांस्कृतिक केंद्र आधी बघा, खडक नंतर. आमचं उलटं झालं. इथून दगड-माती नेणारे कितीतरी लोक नंतर माफीच्या चिठ्ठीसह ती टपालानं परत पाठवतात, हे मी केंद्रातून निघताना आईला सांगितलं. ती गप्प झाली. मग पर्समधल्या रुमालाची गाठ सोडून एक लाल खडा दाखवला. “देवघरात ठेवणार होते रे,” म्हणाली, आणि गाडी पाणवठ्याकडे वळवायला लावली.