घरातील महत्त्वाची कागदपत्रे: आणीबाणीत सापडतील आणि वारसांच्या कामी येतील अशी मांडणी

कुटुंबातील कर्ती व्यक्ती अचानक रुग्णालयात दाखल होते किंवा तिचे निधन होते, तेव्हा बहुतेक घरांत कागदपत्रे नसतात असे नाही. ती असतात, पण कुठे आहेत आणि त्यांचे काय करायचे हे ज्या एका माणसाला ठाऊक असते, नेमका तोच सांगण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून या कामाची कसोटी एकच धरावी: आपल्या गैरहजेरीत घरातील दुसऱ्या व्यक्तीला कोणालाही न विचारता हवा तो कागद हाती घेता आला पाहिजे. पुढील मजकुरातील कायद्याचे तपशील भारतातील, आणि जमिनीपुरते महाराष्ट्रातील आहेत.

आधी यादी, मग फाइल

पुष्कळ जण या कामाची सुरुवात फाइल, कप्पे आणि रंगीत पट्ट्या विकत आणून करतात. त्याऐवजी आधी एक माहितीपत्रक लिहावे, कारण कागद हरवला तर त्याची नक्कल मिळवता येते. पण एखादी ठेव किंवा पॉलिसी होती हेच माहीत नसेल, तर मागायचे काय, असा प्रश्न पडतो. दहा वर्षे कोणीही न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत वर्ग होतात, आणि सात वर्षे न घेतलेला लाभांश व त्यामागचे शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. वारसांना हे पैसे नंतरही मागता येतात, आणि अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केले आहे. तरीही शोध घेण्यासाठी मुळात कसली तरी कल्पना असावी लागते.

माहितीपत्रकातील प्रत्येक नोंद त्रयस्थाला कळेल इतकी स्पष्ट असावी. ‘बँकेत एफडी आहे’ ही नोंद नव्हे. बँकेचे नाव, शाखा, पावतीचा क्रमांक, ठेव कोणाकोणाच्या नावे आहे, नॉमिनी कोण, मुदत कधी संपते आणि मूळ पावती ‘शयनगृहातील कपाट, वरून दुसरा खण, निळी फाइल’ येथे आहे, इतके लिहिले की नोंद पूर्ण झाली. याच पद्धतीने बचत खाती, टपाल खात्यातील योजना, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट खाते, लॉकर, घर आणि जमीन यांच्या नोंदी कराव्यात.

मालमत्ता लिहिताना लोक हौसेने लिहितात आणि देणी मात्र विसरतात. घेतलेली कर्जे, दुसऱ्याच्या कर्जाला दिलेला जामीन, हातउसने दिलेले-घेतलेले पैसे आणि खात्यातून दरमहा आपोआप कापले जाणारे हप्ते हेही त्याच यादीत हवेत. खातेदाराच्या निधनाची खबर मिळाल्यावर बँक एकट्याच्या नावावरील खात्यातील व्यवहार थांबवते, आणि मग त्याच खात्यातून जाणारे गृहकर्जाचे व विम्याचे हप्ते थकू लागतात. गृहकर्जासोबत अनेकदा कर्जदाराचा विमाही उतरवलेला असतो, आणि त्याचा कागद कर्जाच्या जाडजूड फाइलमध्ये दडून राहतो. तो वेगळा काढून त्याची स्वतंत्र नोंद करावी. नोकरदाराच्या कुटुंबाने हेही लक्षात ठेवावे की भविष्य निर्वाह निधीला जोडून ठेवसंलग्न विमा योजना असते आणि सभासदाचा सेवेत असताना मृत्यू झाल्यास तिच्यातून कमाल 7 लाख रुपयांपर्यंतची रक्कम मिळू शकते.

पहिल्या तासाची फाइल

आणीबाणीसाठी एक पातळ, वेगळी फाइल दाराजवळच्या किंवा सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी, आणि तिच्यात मालमत्तेचा एकही कागद ठेवू नये. प्रत्येक सदस्यासाठी एक पान पुरे: पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तगट, चालू आजार, रोजची औषधे मात्रेसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, कळवायचे दोन नातेवाईक. सोबत आधार कार्डाची प्रत, आरोग्य विम्याचे कार्ड, पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि मागील डिस्चार्ज कार्डांच्या प्रती ठेवाव्यात. रुग्ण दाखल झाल्यावर विमा कंपनीला किती वेळात कळवायचे याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. ती शोधून कार्डाच्या प्रतीवरच ठळक लिहून ठेवावी.

रुग्ण बेशुद्ध असताना खर्चासाठी पैसे कोण काढणार, हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. यासाठी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, पुरेसे आहे असा समज आहे, तो धोक्याचा आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मानसिक संतुलन राहिले नाही, तर प्रतिनिधीचा अधिकार संपतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरू शकतो. त्यापेक्षा घरखर्चाचे एक खाते जोडीदारासह संयुक्त करावे, ते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या अटीवर चालवावे आणि काही महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम त्यात ठेवावी.

आजार बरा होण्यापलीकडे गेल्यास कृत्रिम उपचार कुठवर करावेत, याबद्दल काहींचे ठाम मत असते. असे आगाऊ वैद्यकीय निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैध ठरवले आणि 2023 मध्ये त्यांची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करून घ्यावा. त्याची एक प्रत याच फाइलमध्ये असावी, आणि त्यातील मजकूर कुटुंबीयांना आधी समोर बसवून सांगितलेला असावा.

नॉमिनी आणि वारस

या साऱ्या कामात सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती. साधारणपणे ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते, मालक म्हणून नव्हे. शेअर आणि डिबेंचर (कंपनीचे कर्जरोखे) यांच्याबाबतीतही केवळ नॉमिनी असल्यामुळे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. म्हणून मालमत्ता कोणाला द्यायची हे मृत्युपत्राने ठरवावे आणि नामनिर्देशन शक्यतो त्याच्याशी जुळते ठेवावे. बँकेच्या खात्यावर धाकट्या भावाचे नाव आणि मृत्युपत्रात पत्नीचे नाव, अशी स्थिती राहिली तर चांगली माणसेही एकमेकांसमोर उभी ठाकतात.

प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन एकदा तपासावेच. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यांवर आईवडिलांची नावे तशीच राहिलेली असतात, आणि कधी नॉमिनीच हयात नसतो. भविष्य निर्वाह निधीत तर कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन पुढे कुटुंब झाल्यावर रद्द समजले जाते, म्हणून लग्नानंतर ते नव्याने भरावे लागते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीसाठी चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. त्यांचे हिस्से टक्केवारीने ठरवता येतात किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो. लॉकरसाठी मात्र फक्त क्रमच लावता येतो.

मृत्युपत्र नसेल तर वैयक्तिक कायदा, म्हणजे आपल्या धर्मानुसार लागू असलेला वारसा कायदा, लागू होतो, आणि तो आपल्या अपेक्षेप्रमाणे असेलच असे नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 नुसार पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्यासोबत आईही येते. वडील त्या वर्गात नसतात. ‘सगळे पत्नीलाच मिळेल’ असे गृहीत धरणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही, त्यामुळे तेथे स्वतंत्र सल्ला घ्यावा.

मृत्युपत्रासाठी मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि सहज सापडतील असे असावेत, आणि ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. वय जास्त असेल किंवा वादाची शक्यता असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी आणि त्याच सुमारास डॉक्टरांचा सुदृढ मनाचा दाखला घेऊन सोबत ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमावा आणि त्याला तसे सांगूनही ठेवावे.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी: एकट्याच्या नावावरील लॉकरमध्ये मूळ मृत्युपत्र ठेवू नये. लॉकर उघडण्यासाठी हक्काचे कागद लागतात आणि तो कागद आत अडकतो. घरात ठेवायचे नसेल तर 1908 च्या नोंदणी कायद्यात मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे मृत्युपत्र जमा करण्याची सोय आहे.

एका माणसाची चार नावे

दावा अडकतो तो अनेकदा नावावरून. आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’, सातबाऱ्यावर माहेरचे नाव, जुन्या पॉलिसीत ‘सुनिता आर. पाटील’ आणि शाळेच्या दाखल्यावर आणखी वेगळे, असे असेल तर ही सगळी एकच व्यक्ती आहे हे तिच्या पश्चात सिद्ध करणे फार जिकिरीचे होते. म्हणून व्यक्ती हयात असतानाच सर्व कागदांवरील नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत, शक्य ती दुरुस्त करून घ्यावीत आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत त्या व्यक्तीच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी. स्त्रियांच्या बाबतीत हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

घर आणि जमिनीच्या फाइलमध्ये मूळ खरेदीखत, सूची क्रमांक 2 (नोंदणीचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’), सोसायटीचे भागपत्र, कर पावती, ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) किंवा मालमत्ता पत्रक, तसेच फेरफार नोंदींच्या, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या, प्रती असाव्यात. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर तेवढ्यापुरते इतर काम थांबवून आधी वारस नोंदीकडे वळावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात कळवणे अपेक्षित आहे, आणि एक पिढी उलटली की वारसांची संख्या आणि अडचणी दोन्ही वाढतात.

जपणूक

मुद्रांक किंवा शिक्का असलेले मूळ दस्तऐवज लॅमिनेट करू नयेत. पारदर्शक पाकिटात ठेवावेत. टाचण्या आणि पिना काढाव्यात, कारण त्यांचा गंज कागद खातो. यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्यांवरील अक्षरे काही काळाने उडतात, त्यांच्या झेरॉक्स लगेच काढाव्यात. सर्व कागद स्कॅन करून एक प्रत घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे किंवा सुरक्षित ऑनलाइन साठ्यात असावी. आधार, वाहन परवाना यांसारखी शासनाने जारी केलेली कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये घ्यावीत. तेथे आपण स्वतः चढवलेल्या स्कॅन प्रतीला मात्र तसा दर्जा नसतो.

पिन आणि पासवर्ड माहितीपत्रकात लिहू नयेत. मोबाइल उघडण्याचा संकेतांक आणि मुख्य ईमेलचा पासवर्ड सीलबंद पाकिटात ठेवून त्यावर सही व तारीख घालावी. ओटीपी त्याच मोबाइलवर येत असल्याने तो क्रमांकही चालू ठेवण्यास सांगावे. निधनानंतर मृताच्या कार्डाने किंवा ऑनलाइन पैसे काढणे मात्र योग्य नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून मृत्यू दाखल्याच्या पुरेशा प्रती घ्याव्यात आणि रीतसर दावा करावा.

माहितीपत्रकावर तारीख घालावी आणि वर्षातून एकदा, प्राप्तिकर विवरणपत्र भरताना, ते सुधारावे, कारण तेव्हा सारी खाती एरवीही समोर असतात. त्याच दिवशी जोडीदाराला किंवा सज्ञान मुलाला विम्याची एखादी पॉलिसी आणि घराचे खरेदीखत शोधून आणायला सांगावे आणि स्वतः काहीही सुचवू नये. जिथे ते अडतील, तिथली नोंद नव्याने लिहावी. विवाह, जन्म, घटस्फोट, मृत्यू किंवा घराची खरेदी-विक्री झाली तर वर्षाची वाट न पाहता नामनिर्देशन आणि मृत्युपत्र दोन्ही पाहावेत, आणि नवे मृत्युपत्र करताना ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ हे वाक्य त्यात घालावे.