एस्प्रेसो मशीनसाठी पाणी कसं तयार करायचं: आधी थेंब मोजा, मग फिल्टर घ्या

एस्प्रेसो मशीन घेताना लोक ग्राइंडरवर महिनाभर डोकं खपवतात आणि पाणी मात्र "फिल्टरचं आहे ना, मग झालं" म्हणून ओततात. मीही दोन वर्षं हेच केलं. कार्बन फिल्टरचा जग होता, कार्ट्रिज न चुकता बदलत होते, आणि तरी एक दिवस वाफ मरतुकडी यायला लागली, दूध तापायला दुप्पट वेळ. मेकॅनिकने बॉयलर उघडून हीटरची कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर अंड्याच्या टरफलापेक्षा जाड करडा-पांढरा थर, नखाने खरवडला की खपल्या पडत होत्या, आणि त्यातलीच एक खपली पुढे जेटच्या, म्हणजे पाणी जायच्या बारीक तोटीच्या, मिलिमीटरभरही नसलेल्या भोकात जाऊन बसली होती. कार्बन फिल्टर त्याचं काम नीट करत होता, फक्त ते काम क्षार काढायचं नव्हतंच.

थर बसतो कसा ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं सोपं होतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे हार्डनेस, आणि बायकार्बोनेट म्हणजे ढोबळमानाने अल्कलिनिटी. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मिळेल त्या गरम पृष्ठभागावर बसतं. म्हणजे हा थर बसायला दोघंही लागतात, एक जरी काढून टाकलं तरी थर बसत नाही. पण अल्कलिनिटी पार शून्यावर नेऊ नका, कारण तीच पाण्याला आम्लपणापासून सांभाळते, ती गेली की पाणी धातू खायला लागतं आणि कॉफीही आंबट लागते. जास्त झाली तर उलटं, कॉफीतला सगळा आंबटगोडपणा मारून टाकते आणि कप सपक लागतो.

तर पहिलं काम, मोजणे. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, कुठले क्षार ते सांगत नाही. फिशटँकवाल्यांकडे मिळतं ते जीएच आणि केएचचं थेंबांचं किट घ्या. जीएच म्हणजे हार्डनेस, केएच म्हणजे अल्कलिनिटी. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकायचा, प्रत्येक थेंबानंतर झाकण लावून हलवायचं आणि थेंब मोजत राहायचं. केएचचं पाणी आधी निळं होतं आणि मग एका थेंबात अचानक पिवळं पडतं, तिथे थांबायचं. (रंग ब्रँडप्रमाणे बदलतात, किटवरचा कागद वाचा.) बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). नळी पांढऱ्या कागदासमोर धरा, ट्यूबलाइटखाली पिवळा आणि हिरवा ओळखताना फसायला होतं.

नळाचं पाणी वापरायचं तर माझं टार्गेट असं: हार्डनेस ५० ते ८० पीपीएम, अल्कलिनिटी ४० ते ६०. म्हणजे साधारण तीन-चार थेंब जीएच, तीनच्या आसपास केएच. तुमचं पाणी आधीच यात बसत असेल तर फक्त कार्बन फिल्टर लावा, क्लोरीन आणि वास गेला की झालं, बाकी पैसे वाचवा.

पाणी जड निघालं तर रस्ते तीन-चार आहेत आणि लोक इथेच घोळ घालतात. मीठवाला सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, त्यातलं रेझिन (क्षार धरणारे बारीक मणी) थकलं की मिठाच्या पाण्याने परत ताजं करायचं. याने मशीन वाचतं, पण अल्कलिनिटी जिथल्या तिथे राहते, टीडीएसही जवळपास तेवढाच, त्यामुळे केएच दहा थेंब असेल तर सॉफ्टनरनंतरही कॉफी सपकच लागणार. टाकीत टाकायची छोटी रेझिनची पिशवी थोड्या जड पाण्याला ठीक आहे, पण ती लवकर संपते आणि संपली हे दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला टाकीतल्या पाण्याचा जीएच बघायचाच. दुसऱ्या जातीचं रेझिन हार्डनेस आणि अल्कलिनिटी दोन्ही कमी करतं, काही फिल्टरच्या जगांमध्ये कार्बनबरोबर हेच असतं, म्हणून तुमच्या कार्ट्रिजमध्ये नक्की काय आहे ते खोक्यावर वाचा. आणि क्लोरीन आणि क्लोराइड एक नव्हे! क्लोरीन कार्बनने जातं, क्लोराइड जात नाही, सॉफ्टनरनेही जात नाही, आणि स्टीलला बारीक खड्डे तेच पाडतं. क्लोराइड ३० पीपीएमच्या बरंच वर असेल तर आरओशिवाय पर्याय नाही.

आता आरओ. नुसतं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी मशीनमध्ये घालू नका. बऱ्याच बॉयलरमध्ये पाण्याची पातळी कळायला जो प्रोब असतो तो पाण्यातून वीज वाहते यावर चालतो, शुद्ध पाण्यात वीज नीट वाहत नाही, मग मशीनला वाटतं बॉयलर रिकामाच आहे आणि ते भरतच राहतं. यावर सोपा उपाय म्हणजे मिसळणे. समजा नळाचं पाणी १४ थेंब जीएच आणि १० थेंब केएच आहे, म्हणजे सुमारे २५० आणि १८० पीपीएम. एक भाग नळाचं (कार्बनमधून काढलेलं) आणि तीन भाग आरओ घेतलं की साधारण ६२ आणि ४५ उरतं, अगदी हवं तसं.

मला स्वतःला त्याहून आवडतो तो पोटॅशियम बायकार्बोनेटचा उपाय. शुद्ध पाण्याला लिटरमागे ०.१ ग्रॅम लागतं, त्याने अल्कलिनिटी ५० होते आणि हार्डनेस शून्य, म्हणजे कॅल्शियमच नाही तर थर बसणार कशाचा. पण ०.१ ग्रॅम घरच्या काट्यावर धड मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम फूड ग्रेड पावडर घेऊन एकूण १ लिटर होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी घालायचं, ती बाटली बाजूला ठेवायची आणि दर लिटरला त्यातलं १० मिली सिरिंजने टाकायचं. पोटॅशियमवालं नाही मिळालं तर साधा खायचा सोडा ८.४ ग्रॅम घ्या, बेकिंग पावडर नाही, तिच्यात आम्ल असतं. बाटलीवर नाव आणि तारीख ठळक लिहा, दिसायला ते साधं पाणीच असतं.

स्टीम बॉयलरचं एक वेगळं. वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे तिथलं पाणी दिवसेंदिवस घट्ट होत जातं, टाकीतलं पाणी कितीही चांगलं असलं तरी. म्हणून आठवड्यातून एकदा गरम पाण्याच्या नळातून एक-दोन कप पाणी काढून टाका आणि बॉयलर ताज्या पाण्याने भरू द्या. दोन मिनिटांचं काम आहे पण फार कमी लोक करतात.

जुना थर आधीच बसला असेल तर नुसतं पाणी बदलून तो लगेच जाणार नाही. छोट्या मशीनमध्ये मॅन्युअल परवानगी देत असेल तर त्यात सांगितलेल्या डिस्केलरने (थर विरघळवणाऱ्या आम्लाने) काढा, अॅल्युमिनियमचा बॉयलर असेल तर जास्तच जपून. मोठ्या दोन बॉयलरच्या मशीनमध्ये मात्र घरी आम्ल फिरवायची घाई नको, सुटलेल्या खपल्या व्हॉल्व्ह आणि जेटमध्ये जाऊन अडकतात, ते उघडूनच साफ करून घ्या.

नळाचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, उन्हाळ्यातला आकडा पावसाळ्यात धरून चालू नका, मिसळत असाल तर दर महिन्याला एकदा थेंब मोजून प्रमाण परत काढा. मी टाकीच्या मागच्या बाजूला कागदी टेप चिकटवलीय, त्यावर तारीख, जीएच, केएच पेनने लिहिते, आणि तीनाचे पाच थेंब झाले की त्याच दिवशी पाणी बदलते.