गळाला अचानक मोठा मासा लागला तर

नाशिकहून डहाणू-अलिबागला होडीवर जाणाऱ्यांचा हात बहुधा गंगापूर धरणातल्या कटला माशावर बसलेला असतो. समुद्रातली मोठी सुरमई मात्र पहिल्याच झेपेत भराभरा दोर ओढून नेते, म्हणून ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोर सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, घरीच लावून घ्या. दोराचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा आणि ओढा. 9 किलो ताण सोसणाऱ्या दोराला अडीच ते तीन किलोवर रीळ सुटायला हवं. गळाच्या वर वीतभर तार हवीच, नाहीतर सुरमईचे दात दोर कापतात.

मासा पळताना ड्रॅग आवळायचा मोह हमखास होतो आणि दोर तिथेच तुटतो. रिळावरचा दोर संपत जातो तसा त्याचा घेर लहान होतो, त्यामुळे ताण आपोआप वाढलेला असतो. तेव्हा ड्रॅग उलट किंचित सैल करा. मासा थांबला की रॉड सावकाश उचला, खाली आणता आणता गुंडाळा. दोर क्षणभरही ढिला नको. आणि कृपा करून दोर हाताला गुंडाळू नका, बोटं कापली जातात.

होडी दिसली की मासा पुन्हा उसळी मारतो. जाळी घेऊन त्याच्या मागे लागू नका; ती पाण्यात स्थिर धरा, मासा डोक्याकडून आत आणा. गळ पकडीनेच काढा.