घरून कामासाठी मॉनिटर घेताय? आधी टेबल मोजा

घणसोलीच्या आमच्या वन बीएचकेत ऑफिस म्हणजे खिडकीजवळचं फोल्डिंग टेबल, म्हणून मी आधी टेप काढून त्याची खोली मोजली, भरली २ फूट. एवढ्या अंतराला २४ इंच पुरतो. २७ घ्यायचाच तर फुल एचडी नको हां, तेच १९२० बाय १०८० पिक्सेल मोठ्या काचेवर पसरतात आणि एक्सेलमधले आकडे कडेला फाटल्यासारखे दिसतात, ऐरोलीत मित्राकडे बघितलंय, त्यात २५६० बाय १४४० वालाच बघा. पॅनल आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फिके न पडणारा प्रकार, विषय संपला. स्क्रीन मॅट असू दे, नाहीतर दुपारी खिडकीचे गज न् दोरीवरचे कपडे सगळे त्यात दिसतात. लॅपटॉपला टाइप सी असेल तर त्यातून डिस्प्ले जातो का ते आधी तपासा, सगळ्याच पोर्टमधून जात नाही, जात असेल तर ६५ वॉट पॉवर डिलिव्हरीवाला मॉनिटर घेतला की एकाच वायरवर चित्र पण न् चार्जिंग पण. १४४ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनला, जास्तीचे पैसे कशाला, मेल काय पळत येणारेत? स्टँड वरखाली होत नसेल तर मागे वेसाची, म्हणजे ठरलेल्या मापाची स्क्रूची चार भोकं बघा, नंतर आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता दांडा, लावता येतो, तोवर खाली जाडजूड डिक्शनरी.