एमजीबीचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलले

खड्डा गेला तरी माझ्या एमजीबीची, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, मागची बाजू डोलत राहायची. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीला मागे तेलाने भरलेले लिव्हर-आर्म (बाजूच्या दांड्याने चालणारे) शॉक ॲब्सॉर्बर असतात. एकच गळत होता, पण जोडीनेच बदलले. एका बाजूचा नवा घातला की गाडी वळणावर विचित्र वागते.

गाडी स्टँडवर, ॲक्सलला जॅकचा आधार. शॉकचा दांडा ॲक्सलला जोडणाऱ्या लिंकचा नट गंजला होता, तेल मारून रात्रभर ठेवल्यावर सुटला. बाकीचे बोल्ट सहज निघाले.

खरं काम बसवण्याआधीचं. नवा शॉक उभा धरून त्याचा दांडा पूर्ण वर-खाली करत राहायचं. आत हवा असेल तर मध्येच हाताला पोकळ लागतं. दाब सलग जाणवेपर्यंत घाई करू नका. लिंकची रबरं जुनी ठेवू नका.