सिरिंजमध्ये नक्की काय आहे? दातांवर उपचार करताना या चुका टाळा

भुलीचं लिग्नोकेन, सलाईन, हायपो (रूट कॅनाल धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट) आणि बायोप्सीचा तुकडा टिकवायचं फॉर्मेलिन. चारही सिरिंजमध्ये भरा, ट्रेवर ठेवा आणि नुसतं बघून ओळखून दाखवा. मला आजवर जमलेलं नाही. तरी "सर, माझ्या लक्षात असतं" म्हणणारा एक जण दर बॅचमध्ये निघतोच.

मी शिकत होतो तिथे भुलीच्या रिकाम्या बाटलीत फॉर्मेलिन भरून ठेवायचे. बाटली आयती, रबरी बूच घट्ट, गळायची भीती नाही. लेबल मात्र लिग्नोकेनचंच. एका दुपारी माझ्या सहकाऱ्याने त्यातूनच 2 मिली ओढलं. सुई टोचून औषध आत जाताच बाई कळवळल्या. "थोडं झोंबेल," म्हणत त्याने आणखी ढकललं. त्या 'आणखी'चा राग मला अजून येतो. गाल सुजला, हिरडी पांढरी पडली, पुढे तिथलं मांस सडून गळालं. फॉर्मेलिन पेशी जागच्या जागी गोठवतं, तुकडा टिकवायला तेच तर हवं असतं. जिवंत हिरडीत ते वेगळं काय करणार?

तेव्हापासून औषधाची रिकामी बाटली मी लेबल खरवडूनच टाकतो. भूल स्वतः भरतो. असिस्टंट बाटली समोर धरते, मी नाव मोठ्याने वाचतो. नवशिके हसतात, हसू देत. भूल 2 मिलीच्या सिरिंजमध्ये, हायपो 5 मिलीच्या आणि तिच्यावर लाल पट्टी. कार्ट्रिजची सिरिंज (जिच्यात भुलीची तयार भरलेली नळी बसते) परवडत असेल तर तीच घ्या, अर्धी कटकट मिटते. आणि रुग्ण ओरडला की हात थांबलाच पाहिजे.

दुसरी चूक घाईची. रूट कॅनालमध्ये सुई अडकेपर्यंत घालायची आणि अंगठ्याने जोर लावायचा. हायपो मुळाच्या टोकाबाहेर गेलं की भूल असूनही अचानक भयंकर कळ येते, कॅनालमधून रक्त येतं, बघता बघता गाल फुगतो, नंतर काळानिळा पडतो. बाजूला छिद्र असलेली 30 गेजची सुई घ्या, स्टॉपर (सुईवरची खुणेची रबरी चकती) मुळाच्या लांबीपेक्षा 2 ते 3 मिमी अलीकडे लावा, सुई सैल हलती ठेवा, तर्जनीने हळू ढकला. मूळ टोकाला उघडं आहे का, हे एक्स-रेमध्ये आधीच पाहायचं असतं, नंतर नव्हे.

झालंच तर लगेच थांबा. कॅनालमधलं हायपो ओढून काढा, सलाईनने हलक्या हाताने धुवा, दुखणं थांबवा. पहिल्या दिवशी बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड रुग्ण पाहून ठरवा. श्वास किंवा गिळणं अडलं, नजर अंधुक झाली, तर थेट रुग्णालय. रुग्णाला काय घडलं ते खरं सांगा. "ॲलर्जी आली असेल" ही थाप सूज वाढली की उघडी पडते.

बाकी किरकोळ: रबर डॅमशिवाय (दाताभोवती ताणायचा रबरी पडदा) हायपो नको. रुग्णाच्या डोळ्यांवर चष्मा हवा. हायपोनंतर थेट क्लोरहेक्सिडिन (दुसरं जंतुनाशक) घातलं तर तपकिरी गाळ बसतो, मध्ये सलाईनने धुवा.